अंशदान : एका शब्दाचा आणि एका तारखेचा इतिहास

१ नोव्हेंबर २००५ हा दिवस मंगळवार होता आणि त्या संध्याकाळी घरोघरी लक्ष्मीपूजन झाले. आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो कोणी शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या अथवा अनुदानित शाळा-महाविद्यालयांच्या सेवेत येईल त्याला १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू होणार नाहीत. त्याच्या वेतनातून दरमहा दहा टक्के रक्कम कापली जाईल, तेवढीच शासन घालील, आणि निवृत्तीच्या वेळी साचलेल्या पुंजीतून जे काही निघेल ते त्याचे. योजनेचे नाव ठेवले होते ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’. दिवाळीच्या सुटीत शासन निर्णय वाचत बसणारी माणसे फार नसतात. सोलापुरात त्या दिवसांत मधला मारुती ते नवी पेठ या पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आपल्या म्हातारपणाचा हिशेब कालपासून बदलला आहे, हे कोणाच्या गावी असण्याचे कारण नव्हते. ज्यांचा बदलला होता ते तर अजून नोकरीत यायचेच होते.

या निर्णयाचे वर्णन ‘जुनी पेन्शन’ विरुद्ध ‘नवी पेन्शन’ असे करण्याची पुढे प्रथा पडली. टक्केवारीची भांडणे, मोर्चे, समित्यांचे अहवाल यांतून तो विषय सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी शब्दांकडे पाहावे, असे मला वाटते. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दात ‘वेतन’ आहे. म्हणजे जे मिळते ते केलेल्या कामाचा मोबदलाच, फक्त उशिरा हाती येणारा, अशी भूमिका त्या शब्दाने आधीच घेतलेली आहे. ‘अंशदान’ या शब्दात मात्र ‘दान’ आहे. स्वतःच्या पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या रकमेला दान म्हणणे हा शासकीय मराठीचा एक मासला झाला. ‘परिभाषित’ हे विशेषण त्याहून बोलके आहे. परिभाषित काय आहे? कर्मचाऱ्याने द्यायचे ते. त्याला मिळायचे काय, याची परिभाषा त्या योजनेत कुठेच नव्हती. जुन्या नियमांत नेमके उलटे होते: शेवटच्या वेतनाच्या सुमारे निम्मे मिळणार हे ठरलेले, शिवाय महागाईभत्त्याबरोबर ते वाढणार हेही ठरलेले, त्यासाठी किती पैसा लागेल आणि तो कोठून यायचा, हे मात्र कोणीच ठरवलेले नव्हते. एका बाजूला देणे निश्चित आणि घेणे अनिश्चित, दुसऱ्या बाजूला घेणे निश्चित आणि देणे अनिश्चित. न्याय-अन्यायाचा प्रश्न दहा टक्के की चौदा टक्के यात फारसा नाही. अनिश्चितता कोणाच्या अंगावर टाकायची, यात तो आहे. माणूस किती वर्षे जगेल, महागाई किती वाढेल, बाजार चढेल की पडेल, या तीन गोष्टी कोणालाच कळत नाहीत. जुन्या व्यवस्थेत हे न कळणे राज्याने आपल्या अंगावर घेतले होते. २००५ मध्ये त्याने ते उतरवून ठेवले.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. किंबहुना मराठी मुलखाचा पेन्शनशी परिचय झाला तोच या प्रश्नाच्या वाटेने.

पेशवाईच्या दप्तरांत वर्षासन, नेमणूक, इनाम हे शब्द पदोपदी भेटतात. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ म्हणून काही तोडून दिले जाई. आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची ती पूर्वज म्हणता येईल. यांतले किती हक्काचे आणि किती धन्याच्या मर्जीचे, याची सरमिसळ होती. पण पिढ्यानुपिढ्या चालत आलेली मर्जी घेणाऱ्याच्या मनात हक्कच होऊन बसते. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्यातून जाहीरनामा काढला तेव्हा त्याला हे नीट ठाऊक होते. राज्य बदलले तरी वतने, इनामे, वर्षासने चालू राहतील, असे त्यात आश्वासन होते. त्याच वर्षी मे महिन्यात मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. बाजीरावाला ठरले सालीना आठ लाख रुपये. कंपनीच्या वरिष्ठांना ही रक्कम फार वाटली. त्यात गृहस्थ निघाला दीर्घायुषी! १८५१ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे साडेबत्तीस वर्षे, तो ब्रह्मावर्ताला पेन्शन घेत राहिला. हिशेब केला तर अडीच कोटींहून अधिक होतात. पेन्शनदार फार जगला तर देणाऱ्याचे काय होते, याचे इतके ठळक उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित सापडेल. बाजीरावानंतर त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने ते पेन्शन पुढे चालू राहावे असा दावा केला, तर डलहौसीच्या सरकारने उत्तर दिले की ते बाजीरावाच्या हयातीपुरते होते. एकाने वंशपरंपरेचे समजावे आणि दुसऱ्याने व्यक्तिगत मेहेरबानीचे म्हणावे. शब्द एकच, समजुती दोन. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

एल्फिन्स्टनच्या आश्वासनाचेही पुढे तसेच झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि सनदा तपासण्याचे काम जोरात सुरू झाले. ज्यांचे कागद सापडले नाहीत, सापडले पण पटले नाहीत, त्यांची इनामे खालसा झाली. दिलेला शब्द मोडला असे सरकार कधी म्हणाले नाही. शब्द नेमका कोणाला दिला होता आणि कोणत्या तारखेपासून, एवढेच आम्ही तपासतो आहोत, अशी त्याची भूमिका होती. गंमत अशी की, ‘शतपत्रां’चे लेखक लोकहितवादी याच इनाम कमिशनमध्ये अधिकारी होते. पुढे न्यायखात्यात बढत्या घेऊन ते निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य लेखनात घालवले. मराठी गद्याच्या पहिल्या शतकात अशा निवृत्त सरकारी नोकरांची लेखणी किती चालली, याचा हिशेब कोणी मांडावा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतली नोकरी सोडली, त्या त्यागाचे मोलही सोडलेल्या शाश्वतीवरच जोखले जाते.

१८७१ मध्ये पेन्शनविषयक कायदा झाला. आधीच्या राजवटींनी दिलेली अनुदाने आणि इंग्रज सरकारने दिलेली पेन्शने त्याने एकाच पंक्तीला बसवली आणि त्यांच्याबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावायचा तर आधी कलेक्टरचा दाखला हवा, असे ठरवले. म्हणजे पेन्शन ही सरकारने स्वखुशीने द्यायची चीज. तिच्यावरून सरकारला कोर्टात खेचण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवू नये. ही समजूत पुढे शंभर वर्षे टिकली. १९७१ मध्ये बिहारच्या शिक्षण खात्यातील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे म्हटले, तेव्हा ती मोडली.

या सगळ्यात सोलापूर कोठे येते, असे कोणी विचारील. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, मागाहून इतर गिरण्या आल्या, हातमाग-यंत्रमाग आले, विड्यांचे कारखाने आले. ज्या गावात बहुसंख्यांचे पोट भोंग्यावर चाललेले असते तिथे सरकारी नोकरीला निराळेच तेज असते. गिरणी संपावर जाते, टाळेबंदी होते, बंद पडते. कचेरी बंद पडत नाही. सोलापूरच्याच न्यायालयात शिपाई म्हणून उमेदवारी करून सुशीलकुमार शिंदे पुढे मुख्यमंत्री झाले, ही गोष्ट येथे आजही सांगितली जाते. मला तिच्यात मुख्यमंत्रिपदापेक्षा शिपायाची नोकरी अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वाडा नव्हता, आणि वतन असलेच तर अपमानाचे होते, त्यांच्यासाठी शिपायाची, तलाठ्याची, प्राथमिक शिक्षकाची नोकरी ही पहिली खात्रीची मिळकत होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागेही हाच आग्रह होता. कामाचा मोबदला गावाच्या मर्जीवर मिळणारे बलुते नसावा, ठरलेला पगार असावा. निवृत्तिवेतन हा त्या ठरलेल्या पगाराचा शेवटचा हप्ता. दारिद्र्यातून वर आलेल्या कित्येक घरांत आजोबांच्या पेन्शनीवर नातवंडे शिकली. म्हणून २००५ च्या निर्णयाकडे नुसत्या खतावणीच्या नजरेने पाहता येत नाही. आरक्षणाच्या आधाराने नोकरीत पोहोचलेली नवी पिढी दाराशी आली आणि नेमकी त्याच सुमारास घरातली एक खोली बंद करण्यात आली, असे तिला वाटले तर ते समजण्यासारखे आहे.

दुसरी बाजूही याच गावात सापडते. सोलापूर हे रेल्वेचे मोठे ठाणे. रेल्वेत आधी निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी होता: काही कामगाराचे, काही रेल्वेचे, आणि शेवटी एकरकमी हातात. १९५७ मध्ये रेल्वेने निवृत्तिवेतन आणले आणि नोकरीत असलेल्यांना विचारले, निधीत राहता की पेन्शनीत येता? पुष्कळांनी निधीच निवडला. एकरकमी पैसा डोळ्यांसमोर दिसतो. त्यातून मुलीचे लग्न होते, घर होते. दरमहाच्या थोड्या रुपयांचे त्या काळी कोणाला अप्रूप असणार! पुढे महागाई वाढली, पेन्शनी वाढल्या, निधी घेतलेले मागे राहिले. त्यांतले काही न्यायालयात गेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णकुमार खटल्यात त्यांना सांगितले की निधी घेणारे आणि निवृत्तिवेतन घेणारे हे दोन निराळे वर्ग आहेत. पहिल्यांचा हिशेब निवृत्तीच्या दिवशी पुरा झाला. आज ‘अंशदानावर आधारलेली योजना आधुनिक’ असे जे सांगितले जाते, त्यांनी हे जुने प्रकरण अवश्य वाचावे. अंशदानाची व्यवस्था आमच्याकडे आधी होती. तिच्यातल्या अनिश्चिततेला विटूनच निवृत्तिवेतन आले होते.

शिक्षकांची कहाणी तर याहून ताजी. या पानांचे वाचक बहुतांशी शिकणारे-शिकवणारे आहेत, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. खासगी संस्थांतल्या शिक्षकाला निवृत्तिवेतन हा प्रकार मुळात ठाऊकच नव्हता. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० चे, संगमेश्वर महाविद्यालय १९५३ चे. निर्मलकुमार फडकुल्यांसारखे प्राध्यापक जिथे शिकवत त्या महाविद्यालयांतून सुरुवातीच्या काळात निवृत्त होणारा माणूस निधीची रक्कम, शाल आणि श्रीफळ घेऊन घरी जाई. माध्यमिक शिक्षकांना १९६६ पासून निवृत्तिवेतन मिळाले. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी रेषा आखली गेली ती १ ऑक्टोबर १९८२ ची. त्या दिवशी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्याला निवृत्तिवेतन. ३० सप्टेंबरला निवृत्त झालेल्याला निधी. जे नोकरीत होते त्यांनी विकल्प द्यायचा, आणि निवृत्तिवेतन हवे तर निधीतला व्यवस्थापनाचा वाटा सोडायचा. याचा अर्थ असा की महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकाला निवृत्तिवेतनाचे दार उघडे राहिले ते १९८२ पासून २००५ पर्यंत, अवघी तेवीस वर्षे. आपण ज्याला ‘जुनी पेन्शन’ म्हणतो ती आपल्या धंद्यात इतकी काही जुनी नव्हती. दोन्ही टोकांना एकेक तारीख उभी आहे.

योगायोग असा की, त्याच १९८२ च्या डिसेंबरमध्ये, १७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तारखांच्याच प्रश्नावर आपला प्रसिद्ध निकाल दिला. केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, पण ते ३१ मार्च १९७९ रोजी सेवेत असलेल्या आणि त्या दिवशी वा नंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतेच. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकरा न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने, न्या. देसाई यांनी लिहिलेल्या निकालात, एकाच वर्गातल्या माणसांना केवळ एका तारखेच्या काठीने दोन भागांत तोडणे हा राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाचा भंग आहे, असे म्हटले. पेन्शनदारांच्या संघटना तो दिवस साजरा करतात. मात्र नाकरा निकालाचा आधार २००५ च्या रेषेला थेट लावता येत नाही. तिथे एकाच योजनेतली माणसे दुभंगली होती. इथे ज्यांनी अजून पाऊल ठेवले नाही त्यांच्यासाठी अटी बदलल्या गेल्या. भावी नोकरासाठी अटी बदलण्याचा अधिकार धन्याला असतो, हे न्यायाच्या दृष्टीनेही मान्य करावे लागते. एकच अपेक्षा: ज्याला अटी लागू होणार त्याला त्या आधी कळाव्यात.

आणि येथेच १ नोव्हेंबरच्या रेषेचा कच्चेपणा उघडा पडतो. सरकारी भरती म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे. जाहिरात निघते, अर्ज जातात, परीक्षा होते, यादी लागते, नेमणुकीचा कागद हातात पडायला वर्ष-दीड वर्ष लोटते. जाहिरात जुन्या अटींची आणि रुजू होण्याचा दिवस नव्या अटींचा, अशी हजारो माणसे त्या रेषेच्या पलीकडे पडली. त्यांतल्या अनेकांच्या विलंबात त्यांचा काडीइतकाही दोष नव्हता. शिक्षकांत आणखी एक वर्ग होता: नेमणूक २००५ च्या आधीची, पण शाळा त्या वेळी विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित, आणि शंभर टक्के अनुदान मिळाले ते नंतर. फळ्यासमोर उभे राहण्याचा दिवस कोणता याला महत्त्व नाही, शाळेला पूर्ण अनुदान कधी मिळाले तो दिवस धरायचा, असे शासनाचे म्हणणे. वर्षानुवर्षे अर्ध्या पगारावर किंवा बिनपगारी शिकवलेल्या माणसाला निवृत्तीच्या वेळीही त्याच दारिद्र्याचा दाखला द्यावा लागणे, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत कठोर कलम वाटते. इनाम कमिशनपुढे सनद शोधणाऱ्या माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

केंद्राने नवी व्यवस्था १ जानेवारी २००४ पासून आणली होती. सैन्यदले तेवढी वगळली. तिची मुळे पाहू गेल्यास आणखी एक चमत्कार दिसतो. १९९८ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सु. अ. दवे यांच्या अध्यक्षतेखाली ‘ओअ‍ॅसिस’ नावाचा अभ्यास सुरू करवला, त्याचा अहवाल २००० मध्ये आला. तो होता असंघटित क्षेत्रासाठी. ज्यांना म्हातारपणी काहीच मिळत नाही, त्या शेतमजूर, फेरीवाले, विडी कामगार यांच्यासाठी स्वतःच्या नावाचे खाते, त्यात थोडी थोडी बचत, तिची बाजारात गुंतवणूक, अशी ती कल्पना. चिलीने १९८१ मध्ये असा मार्ग धरला होता, जागतिक बँकेने १९९४ च्या अहवालात त्याची भलामण केली होती. ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना काही देण्यासाठी निघालेली ही कल्पना प्रत्यक्षात पहिल्यांदा लागू झाली ती ज्यांच्याजवळ होते त्यांच्याकडून काढून घेण्यासाठी. असंघटितांना त्या योजनेचे दार उघडले ते २००९ मध्ये.

महाराष्ट्रात तर पहिली कित्येक वर्षे ती कल्पनाही नीट लागू झाली नाही. अंशदान योजनेचे समर्थन असे केले जाते की पैसा बाजारात वाढतो. पण राज्य केंद्राच्या राष्ट्रीय योजनेत सामील झाले ते २०१५ च्या सुमारास. तोवर कापलेली रक्कम राज्याच्याच तिजोरीत होती आणि तिच्यावर शासन ठरवील ते व्याज मिळत होते. म्हणजे बाजाराचा धोका नव्हता तसा लाभही नव्हता. निश्चित निवृत्तिवेतन मात्र गेले होते. आपल्या खात्यावर किती जमा आहे, शासनाचा वाटा पडला की नाही, याची चिठ्ठी वर्षानुवर्षे मिळाली नाही, ही तक्रार ज्याने शाळेतल्या शिक्षकांशी गप्पा केल्या आहेत त्याने ऐकलेली आहे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने बदली होऊन तालुका बदलल्यावर आधीच्या चार वर्षांच्या कपातीचा माग काढण्यासाठी इतकी पत्रे लिहिली की, त्यांचे एक बाड झाले आहे. तो मराठी शिकवतो. पत्रलेखन हा अभ्यासक्रमातला घटक आता आपण अधिकारवाणीने शिकवतो, असे तो म्हणतो. अटी बदलण्याचा अधिकार मान्य केला, तरी नव्या अटी पाळण्याचे बंधन बदलणाऱ्यावरच अधिक असते. तिथे राज्य कमी पडले. नव्या योजनेतला माणूस सेवेत असता वारला, तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन नाही आणि सेवा-उपदानही नाही, ही स्थिती २०२३ च्या मार्चअखेर निर्णय होईपर्यंत चालली. बालपरवेशी देणाऱ्या मुलखात हे घडले.

राज्याची अडचण खोटी होती असे मात्र म्हणता येणार नाही. माणसे अधिक जगू लागली, वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, महसुलातला मोठा हिस्सा वेतन आणि निवृत्तिवेतनावर जाऊ लागला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना परत आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा भार येईल, राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. त्या हिशेबात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होतो. तोवर राज्याला जुन्यांची निवृत्तिवेतने द्यायचीच आहेत, शिवाय नव्यांच्या खात्यात दरमहा आपला वाटाही भरायचा आहे. तो वाटा २०१९ पासून चौदा टक्के झाला. म्हणजे पहिली तीस-एक वर्षे खर्च दुहेरी, बचत त्यानंतर. जुनी योजना परत आणणाऱ्या सरकारला आज पैसा सुटतो आणि बिल पुढच्या पिढीच्या नावे फाटते. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ मध्ये माघारी वळण्याचे ठरवले, त्यात हा मोह नव्हताच असे कोण म्हणेल? न्यायाची मागणी आणि तिजोरीची सोय क्वचितच इतक्या सहजपणे एकत्र येतात. आल्या म्हणजे थोडे सावध व्हावे.

१४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांच्या संपांना परंपरा आहे; १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालचा संप चोपन्न दिवस चालला होता. तो केंद्राइतक्या महागाईभत्त्यासाठी होता, म्हणजे बरोबरीसाठी. हाही बरोबरीसाठीच होता, पण बरोबरी दिल्लीच्या बाबूशी नव्हे. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याशी. जून २००५ मध्ये लागलेला आणि डिसेंबर २००५ मध्ये लागलेला, दोघे एकाच शिक्षक-कक्षात, एकच पुस्तक शिकवणारे. एकाच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी पैही कापली जात नाही. भविष्यनिर्वाह निधीत तो जे टाकतो ते त्याचे त्याला व्याजासह परत मिळते. दुसऱ्याचे तीस हजारांमागे तीन हजार जातात आणि शेवटी काय, ते माहीत नाही. आमदारांच्या निवृत्तिवेतनाला अंशदान लागत नाही, हा टोला त्या मोर्चांत वारंवार ऐकू आला. तो सोपा असला तरी त्याला सोपे उत्तर नाही.

संप सात दिवस चालला. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, पिके झोपली, आणि पंचनाम्यांना माणसे नव्हती. संपकऱ्यांविषयी सहानुभूती असलेल्यालाही तेव्हा थांबून विचार करावा लागला की ज्याला आयुष्यात पेन्शन नाही त्याच्या पिकाचा पंचनामा अडवून आपण पेन्शन मागतो आहोत.

सोलापुरात हा विचार टाळता येत नाही. विडी कामगार बायका या गावात घरोघरी आहेत. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली वस्त्यांतून सकाळी पाने आणि तंबाखू घेऊन जायचे, संध्याकाळी वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या. त्यांचे निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले. मालकाच्या भविष्यनिधीच्या वाट्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के त्यात जातात. सूत्र असे: वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. साडेतीन हजार वेतनावर वीस वर्षे भरली की दरमहा एक हजार. २०१४ मध्ये किमान रक्कमच एक हजार ठरवली गेली, कारण त्याहूनही कमी मिळणारे असंख्य होते. त्या हजाराला महागाईभत्ता नाही. बंद पडलेल्या गिरण्यांचे म्हातारे कामगारही याच योजनेतले. सरकारी शिक्षक जेव्हा म्हणतो की अंशदानाच्या योजनेत म्हातारपणाची शाश्वती नाही, तेव्हा ही बाई ते पहिल्यापासून जाणत असते. तिच्या उदाहरणावरून ‘मग शिक्षकाला तरी कशाला?’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. एकाच्या वंचनेने दुसऱ्याची वंचना न्याय्य होत नाही. पण शिक्षकाची मागणी केवळ स्वतःच्या खुर्चीपुरती राहिली तर तिचे वजन घटते, हेही तितकेच खरे. शाश्वतीचा हक्क वेतनाच्या पावतीवर शासनाचा शिक्का आहे म्हणून मिळतो, की आयुष्यभर काम केले म्हणून? संघटनांच्या मागणीपत्रांत हा प्रश्न मला दिसला नाही.

संपानंतर तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. ४ जानेवारी २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ठरवले की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे त्यांना, रुजू होण्याची तारीख नंतरची असली तरी, जुन्या योजनेचा विकल्प द्यावा; अशांची संख्या सुमारे सव्वीस हजार सांगितली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारण्याचे ठरवले. पंचवीस वर्षे सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निश्चित, महागाईप्रमाणे वाढणारे. कर्मचाऱ्याने दहा टक्के घालायचे, केंद्राने साडेअठरा. म्हणजे देणेही परिभाषित आणि घेणेही. वीस वर्षांनी अनिश्चितता पुन्हा बहुतांशी राज्याच्या अंगावर गेली, मात्र या वेळी कर्मचाऱ्याचा हिस्सा धरून. मला स्वतःला ही तडजोड २००५ च्या निर्णयापेक्षा न्याय्य वाटते. दहा टक्क्यांची कपात अन्याय नव्हती. तिच्या बदल्यात काहीच कबूल न करणे हा अन्याय होता. २००५ मध्ये हीच मांडणी केली असती, तर कदाचित संप झालाही नसता.

जाहिरातीच्या तारखेचा तो निर्णय आल्यावर ठिकठिकाणी एक निराळीच शोधाशोध सुरू झाली. एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे, पिवळी पडलेली कात्रणे, अर्जाची पोच, परीक्षेचे प्रवेशपत्र. माझ्या त्या पत्रलेखक मित्राने माळ्यावरची ट्रंक उतरवली. कात्रण सापडले. जाहिरातीवर तारीख होती, पण कोपरा वाळवीने खाल्लेला. दिवस आणि महिना शाबूत होते, सालातला शेवटचा आकडा गेला होता. आता तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या अंकांच्या बांधीव फायली चाळतो आहे.